स्वस्त पण योग्य स्की-गॉगल आणि काच कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलमर्ग, औली किंवा सोलंग येथे स्कीइंग वा स्नोबोर्डिंग शिकायला जाणारे, तसेच अमेरिका, कॅनडा किंवा जर्मनीत राहून तिथल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच उतारावर उभे राहणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे चांगला उन्हाचा गॉगल आहे. स्कीइंगसाठी वेगळा स्की-गॉगल घ्यायलाच हवा का?

स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग करणार असाल, तर होय. उन्हाचा गॉगल कितीही चांगला असला तरी त्याच्या कडांमधून वारा आणि उडालेला भुसभुशीत बर्फ आत येतो, डोळ्यांत पाणी येते आणि नेमक्या वळणाच्या वेळी समोरचे दिसेनासे होते. पडल्यावर तो चेहऱ्यावरून निघून जातो, आणि धातूची किंवा टणक प्लास्टिकची फ्रेम असेल तर गालाला, भुवईला इजाही होऊ शकते. स्की-गॉगलची चौकट लवचीक असते, चेहऱ्याला टेकणारी कड फोमची असते आणि रुंद पट्टा हेल्मेटवरून बसतो. केवळ बर्फ पाहायला, घसरगाडीवर बसायला किंवा तासभर हिंडायला जाणार असाल, तर मात्र चांगला उन्हाचा गॉगल पुरेसा आहे.

२. बर्फावर डोळ्यांना धोका नेमका कशाचा असतो? थंडीत ऊन तर लागतही नाही.

धोका उन्हाच्या उष्णतेचा नसून अतिनील किरणांचा असतो, आणि ते थंडीत जाणवत नाहीत म्हणूनच लोक गाफील राहतात. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे, आणि गोंडोलाचा (केबिनच्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. शिवाय ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, तर समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू साधारण १५ टक्के. म्हणजे बर्फावर किरण वरून येतात तसेच खालूनही येतात, आणि टोपीची झालर खालून येणारे किरण अडवू शकत नाही. ढगाळ हवेतही ते पूर्णपणे थांबत नाहीत.

याचा परिणाम म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पटलाला होणारा दाह, ज्याला हिमांधत्व म्हणतात. त्याची लक्षणे आणि उपाय प्रश्न १५ मध्ये दिले आहेत.

३. काचेवर एस १, एस २, एस ३ किंवा व्हीएलटी १५ टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

गॉगल घेताना पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि दुर्दैवाने खोक्यावर ती सर्वांत लहान अक्षरांत छापलेली असते. व्हीएलटी म्हणजे काचेतून आरपार जाणाऱ्या दृश्य प्रकाशाचे शेकडा प्रमाण. व्हीएलटी १५ टक्के असलेली काच शंभरातला पंधरा भाग प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचू देते आणि बाकीचा अडवते. आकडा जितका लहान, तितकी काच गडद.

याच टक्केवारीचे पाच गट पाडलेले आहेत. एस ० मध्ये ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत येतो. ही जवळजवळ पारदर्शक काच रात्रीसाठी असते. एस १ मध्ये ४३ ते ८० टक्के. ही हिमवृष्टी, धुके आणि दाट ढगांसाठी. एस २ मध्ये १८ ते ४३ टक्के. ही ऊन-सावलीच्या मिश्र हवेसाठी. एस ३ मध्ये ८ ते १८ टक्के. ही स्वच्छ उन्हासाठी. एस ४ मध्ये ३ ते ८ टक्के. ही अतिशय उंचावरील हिमनद्यांसाठी असून ती घालून वाहन चालवणे धोक्याचे असते.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. काचेचा गडदपणा आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक स्की-गॉगलची बाहेरची काच पॉलिकार्बोनेटची असते आणि हे प्लास्टिक मुळातच जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते. त्यामुळे चांगल्या प्रतीची फिकट पिवळी काचही डोळे सुरक्षित ठेवते. याउलट, संरक्षण नसलेली गडद काच अधिक घातक ठरू शकते, कारण तिच्यामागे डोळ्याची बाहुली विस्फारते आणि अधिक किरण आत जातात.

४. गुलमर्गला जानेवारीत जात आहे. एकच काच परवडणार आहे. कोणती घ्यावी?

एकच घ्यायची असेल तर एस २ घ्यावी, साधारण २० ते ३० टक्के व्हीएलटीची. दुकानात मात्र बहुधा एस ३ हातात ठेवली जाते, कारण आरशासारखी चमकणारी गडद काच देखणी दिसते आणि उन्हात घालून पाहिली की सुखद वाटते. पण जानेवारी हा काश्मीरमध्ये हिमवृष्टीचा महिना आहे. हिमवृष्टीच्या दिवशी आकाश आणि उतार दोन्ही एकाच राखाडी-पांढऱ्या रंगाचे होतात, सावल्या नाहीशा होतात आणि पुढे उंचवटा आहे की खड्डा हे कळत नाही. अशा प्रकाशात एस ३ घातलेला नवशिक्या अक्षरशः चाचपडत उतरतो. गोंडोलाचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगडोरीच्या खालच्या बाजूला झाडे आहेत, त्यांच्या गडद खोडांमुळे अंतराचा थोडा अंदाज येतो. वर अफरवटवर झाडेच नसल्यामुळे तोही आधार उरत नाही. फार गडद काचेने होणारे नुकसान हे थोड्या फिकट काचेमुळे होणाऱ्या गैरसोयीपेक्षा मोठे आहे, म्हणून दोहोंत निवड करायची वेळ आली तर फिकट बाजूला झुकावे.

फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये जाणार असाल तर ऊन प्रखर असते. तेव्हा १५ ते २० टक्क्यांची काच योग्य ठरते. औलीचा उतारही साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात असल्यामुळे तिथेही हाच हिशोब लागू पडतो.

थोडे अधिक पैसे असतील, तर एक महागडी काच घेण्याऐवजी दोन साध्या काचा घ्याव्यात: एक एस १ आणि एक एस ३. नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणालाही माझा पहिला सल्ला हाच असतो.

५. काचेचा रंग कोणता असावा? पिवळी, गुलाबी, तपकिरी, करडी यांत फरक पडतो का?

पडतो, पण व्हीएलटीपेक्षा कमी. ढगाळ हवेत विखुरलेल्या निळ्या प्रकाशामुळे दृश्य धूसर वाटते. पिवळी, नारिंगी, गुलाबी किंवा तांबूस-तपकिरी काच हा निळा भाग कमी करते, त्यामुळे बर्फाचे चढउतार थोडे उठून दिसतात. करडी काच सर्व रंग जवळपास नैसर्गिक ठेवते आणि भर उन्हात डोळ्यांना शांत वाटते. मात्र सावलीच पडत नसेल, तर कोणताही रंग ती निर्माण करू शकत नाही. अशा वेळी वेग कमी करून झाडांच्या कडेने उतरणे हाच उपाय आहे. बाहेरून दिसणारा निळा, हिरवा किंवा सोनेरी रंग हा केवळ आरशाच्या लेपाचा असतो. निवड करताना आतून, म्हणजे डोळ्यांसमोर धरून, काच पाहावी.

६. ओकलीची प्रिझम, स्मिथची क्रोमापॉप अशा काचांची फार स्तुती ऐकतो. एवढे पैसे घालण्याइतका फरक असतो का?

फरक खरा आहे. या काचांमध्ये ठरावीक तरंगलांबीचे रंग निवडून दाबलेले असतात, त्यामुळे बर्फाचा पोत अधिक स्पष्ट दिसतो, आणि हे विशेषतः मिश्र प्रकाशात जाणवते. पण वर्षातून एखादा आठवडा बर्फावर जाणाऱ्या व्यक्तीने यासाठी अनेक पट पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. योग्य व्हीएलटीची साधी काच ही चुकीच्या व्हीएलटीच्या महागड्या काचेपेक्षा नेहमीच चांगली ठरते. परदेशात राहत असाल आणि दर शनिवार-रविवारी उतारावर जात असाल, तर हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, मागील वर्षीची मॉडेले बऱ्याच सवलतीत मिळतात. तेव्हा त्यांचा विचार जरूर करावा.

७. मोजके पैसे आहेत. कशासाठी पैसे द्यावेत आणि काय सोडून द्यावे?

दुहेरी काच (प्रश्न १० पाहा), चेहऱ्याला नीट बसणारा फोम, अतिनील किरणांपासून पूर्ण संरक्षण आणि योग्य व्हीएलटी या चार गोष्टींवर तडजोड करू नये. त्यानंतर पैसे उरले तर बदलता येणारी काच घ्यावी. आरशाचा लेप, चौकट नसल्यासारखी दिसणारी रचना, गोलाकार (आडवी आणि उभी दोन्हीकडे वळलेली) काच आणि पट्ट्यावरचे मोठे नाव यांशिवाय उत्तम स्कीइंग होते. सपाट-दंडगोलाकार (केवळ आडवी वळलेली) काच गोलाकार काचेपेक्षा स्वस्त असते. तिच्यात कडेला किंचित विरूपता येते, पण ती नवशिक्याला त्रास देण्याइतकी नसते.

भारतात डेकॅथलॉनच्या वेड्झ या नावाखाली येणारे गॉगल सुरुवातीसाठी चांगले आहेत. त्यांचा एक मोठा गुण असा की मॉडेलच्या नावातच एस १ किंवा एस ३ ही श्रेणी बहुधा दिलेली असते. मात्र मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक दुकानात वर्षभर बर्फाचे सामान नसते, म्हणून आधी चौकशी करून जावे. अमेरिकेत आउटडोअरमास्टरसारख्या कंपन्यांचे ५० डॉलरच्या आतले गॉगल अनेक जण वर्षानुवर्षे समाधानाने वापरतात.

८. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या गॉगलवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवावा का?

केवळ त्या दोन शब्दांवर ठेवू नये. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच, पण हे कोणीही छापू शकतो. चौकटीवर किंवा सोबतच्या पत्रकात स्की-गॉगलचे मानक नमूद आहे का ते पाहावे: आयएसओ १८५२७-१, त्याआधीचे युरोपीय ईएन १७४, किंवा अमेरिकेतील एएसटीएम एफ ६५९. सोबत काचेची श्रेणीही दिलेली असावी. ज्या विक्रेत्याला व्हीएलटी विचारल्यावर ती सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

अनेक चष्म्याच्या दुकानांत अतिनील किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. ओळखीच्या दुकानदाराकडे गॉगल नेला तर तो क्षणात तपासून देतो, आणि ही तपासणी मुक्कामावर पोहोचल्यावर नव्हे तर निघण्यापूर्वी करून घ्यावी.

मोटारसायकलचे किंवा कारखान्यातले संरक्षक गॉगल दिसायला सारखे असले तरी त्यांची काच बहुधा एकेरी असते आणि थंडीत ती लगेच वाफ धरते. ते पर्याय म्हणून घेऊ नयेत.

९. मला चष्मा आहे. चष्म्यावरून गॉगल घालता येतो का?

येतो, पण त्यासाठी चष्म्यावरून घालण्याचे म्हणून बनवलेले गॉगल घ्यावेत. त्यांवर बहुधा ओटीजी असे लिहिलेले असते. त्यांची खोली अधिक असते आणि फोममध्ये चष्म्याच्या काड्यांसाठी दोन्ही बाजूंना खाचा असतात. दुकानात जाताना नेहमीचाच चष्मा घालून जावे. गॉगल घातल्यावर चष्मा नाकावर दाबला जात असेल, किंवा मान हलवल्यावर चष्म्याची काच गॉगलच्या आतल्या काचेला लागत असेल, तर तो गॉगल तुमच्यासाठी नाही, कारण पहिल्याच दिवशी आतल्या लेपावर ओरखडे उठतील. रुंद, मोठ्या फ्रेमपेक्षा लहान आणि अरुंद फ्रेमचा जुना चष्मा यासाठी सोयीचा पडतो.

यातही चष्म्यावर स्वतंत्रपणे वाफ धरते, ही अडचण राहतेच. ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी एक दिवस वापरून टाकून देण्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स हा अधिक सुटसुटीत मार्ग आहे. चष्मा मात्र खिशात असू द्यावा. गॉगलच्या आत बसणारी नंबराची वेगळी चौकटही मिळते, पण तिचा खर्च वारंवार जाणाऱ्यालाच परवडतो. डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर बर्फावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

१०. गॉगलच्या आतून सतत वाफ धरते. महागडा घेतला तर थांबेल का?

बहुतेक वेळा दोष गॉगलचा नसून वापरण्याच्या पद्धतीचा असतो. चेहऱ्याजवळची उबदार, दमट हवा थंड काचेला लागली की पाणी सुटते. हे टाळण्यासाठी दुहेरी काच असते: दोन काचांमधला हवेचा थर आतली काच बाहेरच्या थंडीपासून दूर ठेवतो. आतल्या काचेवर ओलावा शोषून पसरवणारा लेप असतो आणि चौकटीच्या वर-खाली हवा खेळण्यासाठी छिद्रे असतात. या तिन्हींपैकी एकही निकामी केले की वाफ धरतेच.

नेहमी घडणारा प्रसंग असा: धापा टाकत माणूस गोंडोलाच्या रांगेत येतो, गरम होते म्हणून गॉगल कपाळावर चढवतो, आणि कपाळाचा सगळा घाम फोममध्ये जिरतो. केबिनमध्ये सहा जणांचा श्वास कोंडलेला असतो. वर पोहोचल्यावर तो गॉगल डोळ्यांवर ओढतो, काच पांढरी होते, आणि वाऱ्यात तोच ओलावा गोठून बसतो. मग हातमोज्याने आतून जोरात पुसले जाते, आणि ओला असताना अतिशय नाजूक असणारा लेप तिथेच कायमचा खरवडला जातो. म्हणून कपाळावर गॉगल कधीही चढवू नये. तो डोळ्यांवरच ठेवावा किंवा काढून कोरडा पिशवीत ठेवावा. कानटोपी किंवा माकडटोपीने वरची छिद्रे झाकू नयेत, आणि नाकावर घेतलेला मफलर गॉगलच्या खाली खोचू नये, कारण त्यामुळे सगळा श्वास सरळ काचेमागे जातो. आत बर्फ गेलाच तर झटकून टाकावा आणि उरलेले पाणी मऊ, कोरड्या कापडाने केवळ टिपावे. रात्री खोलीत गॉगल मोकळ्यावर सुकवावा. बुखारीजवळ (खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ) किंवा हीटरवर ठेवल्यास काच वाकते आणि दोन काचांमधला जोड सुटतो. जोड सुटून दोन काचांच्या मधोमध वाफ दिसू लागली, तर काच बदलावीच लागते.

११. माप नीट बसले आहे हे कसे ओळखावे?

पट्टा न लावता गॉगल चेहऱ्यावर हलकेच टेकवावा. फोम कपाळ, गाल आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सर्वत्र टेकला पाहिजे. नाकाजवळ उजेडाची फट दिसत असेल, तर नाकाचा पूल कमी उंच असणाऱ्यांसाठी बनवलेले मॉडेल पाहावे; पट्टा आवळून ती फट बुजत नाही, केवळ डोके दुखते. नंतर हेल्मेट घालून पाहावे. गॉगलची वरची कड आणि हेल्मेट यांच्यामध्ये कपाळाची उघडी पट्टी राहता कामा नये, आणि हेल्मेटमुळे गॉगल खाली नाकावर दाबला जाऊन श्वास अडू नये. हेल्मेट भाड्याने घेणार असाल, तर मध्यम आकाराचा गॉगल घेतलेला बरा. फार मोठा गॉगल प्रत्येक हेल्मेटखाली बसत नाही.

१२. चुंबकाने बदलणारी काच, प्रकाशानुसार रंग बदलणारी काच आणि पोलराइज्ड काच: यांपैकी काय घ्यावे?

चुंबकी काच हातमोजे न काढता बदलता येते, ही मोठी सोय आहे. मात्र केवळ चुंबकावर टिकलेली काच जोरात पडल्यावर निघून बर्फात हरवू शकते, म्हणून बाजूला खिट्टी असलेली रचना घ्यावी. प्रकाशानुसार बदलणारी काच एस १ ते एस ३ असा पल्ला गाठू शकते, पण थंडीत ती पुन्हा फिकट व्हायला वेळ घेते. उन्हातून एकदम झाडांच्या सावलीत शिरल्यावर हे जाणवते. पोलराइज्ड काच चकाकी कमी करते, परंतु टणक गोठलेल्या बर्फाची चकाकी हीच सावधानतेची खूण असते, आणि ती दिसेनाशी होणे अनेक अनुभवी स्कीअर्सना मान्य नाही. शिवाय तिच्यातून मोबाइलचा पडदा काळपट दिसतो. कमी खर्चात निवड करायची असेल तर साध्या दोन काचाच उत्तम, जसे प्रश्न ४ मध्ये सांगितले आहे.

१३. मुलांसाठी पुढे वापरता येईल असा मोठा गॉगल घेतला तर चालेल का?

नाही. मोठा गॉगल गालावर सरकतो, कडेने किरण आत येतात आणि मूल तो काढून टाकते. लहान मुलांच्या डोळ्यांतले नैसर्गिक भिंग प्रौढांच्या तुलनेत अधिक अतिनील किरण आत जाऊ देते, म्हणून त्यांच्यासाठी संरक्षण अधिक आवश्यक आहे. मुलांच्या मापाचा, एस २ काचेचा साधा गॉगल घ्यावा. एकापेक्षा अधिक काचा बदलण्याची कटकट त्यांच्यामागे लावू नये.

१४. केदारकांठाचा हिवाळी ट्रेक करायचा आहे. स्की-गॉगल लागेल का?

चालताना स्की-गॉगलमध्ये घाम आणि वाफ दोन्ही फार होतात. ३,८०० मीटरच्या आसपासच्या अशा ट्रेकसाठी श्रेणी ३ चा, कानापर्यंत वळलेला आणि बाजूंनी झाकणारा उन्हाचा गॉगल योग्य आहे. त्याला मागून दोरी लावावी. सातत्याने हिमनदीवरून चालायचे असेल, तर श्रेणी ४ आणि बाजूची झापडे असलेला गॉगल हवा.

१५. दिवसभर गॉगलशिवाय होतो; रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आहे. काय करावे?

हे हिमांधत्वाचे नेहमीचे लक्षण आहे. त्रास लगेच न होता साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतो, म्हणून दिवसा काहीच जाणवत नाही. डोळे लाल होतात, पाणी येते, उजेड सहन होत नाही. डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी आणि बंद पापण्यांवर गार ओले कापड ठेवावे. बहुधा एक ते तीन दिवसांत डोळे बरे होतात. बधिर करणारे थेंब स्वतःहून घालू नयेत, कारण त्यांनी वेदना दबते पण जखम भरून येण्यास अडथळा होतो. दृष्टी अंधूक असेल, वेदना तीव्र असेल किंवा दुसऱ्या दिवशीही उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटेपर्यंत बर्फावर जाऊ नये.

१६. स्की दुबईसारख्या बंदिस्त ठिकाणी किंवा रात्रीच्या स्कीइंगला कोणती काच लागते?

बंदिस्त जागेत सूर्यप्रकाश नसल्यामुळे अतिनील किरणांचा प्रश्न उरत नाही. गॉगल घातलाच तर तो वारा आणि बर्फाच्या कणांसाठी असतो. दोन्ही ठिकाणी एस ० किंवा फिकट एस १ काच घालावी. दिवसाची एस ३ काच दिव्यांच्या प्रकाशात घालणे धोक्याचे आहे.

१७. परत आल्यावर गॉगल वर्षभर कसा ठेवावा? गेल्या खेपेचा फोम चिकट झाला होता.

मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या पावसाळ्यात ही तक्रार सर्रास येते. खोक्यात बंद करून माळ्यावर टाकलेल्या गॉगलच्या फोमला बुरशी धरते, डिंक सुटतो आणि आतल्या लेपावर डाग पडतात. ठेवण्यापूर्वी फोम ओल्या कापडाने पुसून, घामाचा क्षार काढून, सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्यावा. नंतर गॉगल मऊ पिशवीत, काचेवर काहीही टेकणार नाही अशा डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा काढून वारा द्यावा. पट्टा ताणलेला ठेवू नये.

फोम केवळ कडेला सुटला असेल, तर तो पातळ, लवचीक गोंदाने पुन्हा चिकटवता येतो. फोमचा भुगा होऊ लागला असेल, तर मात्र नवा गॉगल घ्यावा, कारण ते कण वाऱ्याने डोळ्यांत जातात. जुनी काच शाबूत असेल आणि तेच मॉडेल अजून मिळत असेल, तर ती जपून ठेवावी. नव्या गॉगलसाठी दुसरी काच आयती तयार होते.